आयपॅड नक्की कोणता? माझा अनुभव

भाचीला चित्रं काढायला मामेभावाचा जुना आयपॅड मिळाला, पण खोका नाही की बिल नाही. ॲपल पेन्सिल घ्यायची तर मॉडेल ठाऊक हवं. दुकानदार म्हणाला, ''९.७ इंची ना? चालेल हो!'' अशा ''चालेल''वर मी पैसे टाकत नाही.

कारण २०१७चा पाचव्या पिढीचा आणि २०१८चा सहाव्या पिढीचा आयपॅड शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत. तोच आकार, तेच होम बटण. पेन्सिल मात्र फक्त सहाव्यावर चालते, तीही पहिल्या पिढीची.

आयपॅड सुरू होत असेल तर सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जायचं. तिथे मॉडेलच्या नावासमोरच पिढी लिहिलेली असते. खाली मॉडेल नंबर असतो. त्यावर बोट टेकवलं की ए-ने सुरू होणारा आकडा दिसतो. आमचा निघाला ए१८९३, म्हणजे सहावी पिढी, फक्त वाय-फायवाला. पाचव्याचा असता ए१८२२.

आयपॅड सुरूच होत नसेल तर हाच आकडा पाठीमागे तळाशी छापलेला असतो. अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावूनही दिसेनात. मोबाइलने फोटो काढून मोठा केला, तेव्हा वाचता आला. कव्हर आधी काढा, हे सांगायला नकोच.

जुना आयपॅड विकत घेणार असाल तर बोट टेकवण्याआधीचा लांब नंबरही बघून ठेवा. त्याचं पहिलं अक्षर एम असेल तर तो नवा म्हणून विकलेला, एफ असेल तर कंपनीने दुरुस्त करून पुन्हा विकलेला.