जुनी फोर-बाय-फोर डोंगरात नेताना या चुका टाळा

मुंबईत जुनी मारुती जिप्सी किंवा 2020 पूर्वीची महिंद्रा थार अशी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी गाडी, विकत घेणाऱ्याचा पहिला खर्च बहुधा मोठ्या टायरांवर आणि गाडी उंच करण्यावर होतो. हा क्रमच चुकीचा आहे. मूळ स्थितीत या गाड्या सह्याद्रीतल्या बहुतेक वाटा पार करतात. अडतात त्या वर्षानुवर्षे न बदललेल्या ऑइल सीलमुळे (तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांमुळे), सांध्यांतल्या झिजलेल्या बुशांमुळे आणि गंजलेल्या चासीमुळे, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यामुळे. अशा गाडीवर वाढीव भार टाकला, की जे वर्षभराने बिघडायचे ते पहिल्याच चढावर बिघडते.

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत सुरुवात चासीपासूनच करावी. मागच्या आडव्या पट्टीवर आणि स्प्रिंगच्या पाट्या जिथे टांगलेल्या असतात त्या हँगरभोवती छोट्या हातोडीने ठोकून पाहावे. शाबूत पत्रा खणखणीत वाजतो, आतून सडलेला बद्द आवाज देतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. विकणारे अशा गंजावरच काळे अंडरकोटिंग मारून देतात; त्याखाली ओलावा कोंडून राहतो आणि सडणे चालूच राहते. गंज खरवडून, प्रायमर लावून मगच कोटिंग करावे आणि चासीच्या पोकळीची निचऱ्याची भोके चिखलाने बुजू देऊ नयेत.

टायरांचा हिशेब आधी कागदावर मांडावा. जुन्या थारच्या 235/70 आर 16 टायरचा व्यास सुमारे 735 मिलिमीटर असतो आणि 31 इंची टायरचा 787, म्हणजे सुमारे सात टक्के वाढ. स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी 85 च्या पुढे असते. शिवाय प्रत्येक गिअरची ओढ जवळपास तेवढीच कमी झाल्याने चढावर क्लच जळतो आणि दोष क्लचला दिला जातो. सीआरडीई (डिझेल इंजिनाच्या) थारचे टॉर्शन बार, म्हणजे पुढच्या चाकांना स्प्रिंगसारखे तोलणारे दांडे, पिळून पुढची बाजू उचलणे तर फुकटचे म्हणून लोकप्रिय आहे, पण त्यामुळे पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो, त्यावरचे रबरी बूट फाटतात आणि चाकाला खाली उतरायला जागाच उरत नाही. पाट्यांना लांब शॅकल (टोकाचे लोखंडी दुवे) लावल्यास ॲक्सल किंचित फिरतो, ॲक्सलला ताकद पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि ठरावीक वेगाला गाडी थरथरू लागते. चाकांचे बॅलन्सिंग पुन्हा पुन्हा करून ही थरथर जात नाही.

जिप्सीत वेगळीच तक्रार येते: पन्नास-साठच्या वेगात खड्डा लागला, की स्टीअरिंग डावी-उजवीकडे झपाट्याने झटके देऊ लागते. नवा स्टीअरिंग डॅम्पर (झटके शोषणारा दांडा) लावला की झटके काही काळ दबतात, म्हणून तोच उपाय समजला जातो. खरे कारण बहुधा पुढचे चाक ज्यावर वळते त्या किंग पिनच्या बेअरिंगांत, दोन्ही चाके जोडणाऱ्या टाय रॉडच्या टोकांत किंवा पाट्यांच्या बुशांत असते. एकाने स्टीअरिंग थोडेथोडे हलवावे आणि दुसऱ्याने गाडीखाली प्रत्येक सांध्यावर हात ठेवून ढिलाई शोधावी.

सर्वांत महाग चुका पाण्यात होतात. हमरस्त्यावरून तास-दोन तास धावून तापलेला ॲक्सल थंड ओढ्यात उतरला, की आतली हवा आकसते आणि ब्रीदर, म्हणजे ॲक्सलचे हवेचे छिद्र, बुजलेला असेल तर सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. त्यामुळे ब्रीदरला नळी जोडून तिचे टोक बॉनेटखाली उंच न्यावे. इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणाऱ्या स्नॉर्केलच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. ओढ्यातून आल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि ॲक्सलमधल्या डिफरन्शियल नावाच्या गिअरपेटीचा तळाचा बोल्ट जरा सैल करावा. आधी पाणी ठिबकले किंवा ऑइल दुधाळ दिसले, तर ते त्याच दिवशी बदलावे. गिअरबॉक्ससाठी पुस्तिकेत जीएल-4 दर्जाचे ऑइल सांगितले असेल, तर ॲक्सलचे उरलेले जीएल-5 त्यात ओतू नये, कारण त्यातील रसायने गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगा खाऊ शकतात. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमधले पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

या गाड्यांना पुढच्या व मागच्या ॲक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नाही, म्हणून कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर फोर-व्हीलमध्ये वळू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, तो फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो आणि फोर-व्हीलचा लिव्हर अडकतो. तो जोर लावून ओढू नये. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की पीळ सुटतो. दुसरीकडे, उभ्या चढावर लो रेंज, म्हणजे जास्त ओढीचे संथ गिअर, न वापरता अर्धा क्लच दाबून चढणारेही पुष्कळ आहेत; त्यानेही क्लच जळतो.

रुतलेली गाडी ओढताना दोर टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला, अडकवू नये. तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो.

राहिला कायदा. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे फेरफार करता येत नाहीत आणि पुढच्या लोखंडी बुल बारविरुद्ध केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कारवाई करण्यास सांगितले होते. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी नूतनीकरणासाठी आरटीओकडे न्यावी लागते आणि तेव्हा तपासणीही होते. म्हणून काढलेला मूळ बंपर, मूळ रिम आणि मूळ दिवे भंगारात न देता जपून ठेवावेत. नाहीतर नंतर तेच सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारात शोधत फिरावे लागते.