परांची बांधणे आणि सोडवणे: नव्या भाषाशिक्षकांसाठी

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते. २०१९ च्या महापुरानंतर शाळा पुन्हा भरली, तेव्हा आठवीच्या वर्गाला मी फळ्यावर ‘मी अनुभवलेला पूर’ एवढेच लिहून दिले. ज्यांनी पाण्यातून वाट काढत घर सोडले होते, त्यांना सांगण्यासारखे पुष्कळ असेल, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात वह्या आल्या त्या ‘निसर्गाचे रौद्र रूप’, ‘हतबल मानव’ अशा गाईडमधल्या शब्दांनी भरलेल्या, नाहीतर तीन ओळींत आटोपलेल्या. एका मुलाने लिहिले होते, ‘पूर आला. खूप पाणी आले. आम्ही मामाकडे गेलो.’ त्याच्याकडे अनुभव होता आणि भाषाही होती. मधल्या पायऱ्या तेवढ्या मी दाखवल्या नव्हत्या.

उंच भिंतीच्या कामासाठी गवंडी बांबूची परांची बांधतात आणि गिलावा झाला की ती सोडवतात. बी.एड.ला शिकणाऱ्याला दिलेल्या तात्पुरत्या आधारासाठी आपण ‘स्कॅफोल्डिंग’ हा जो शब्द शिकतो, तो याच कामावरचा आहे. वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये, लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचणाऱ्या लहान मुलांना मोठ्यांनी कशी मदत करावी हे मांडताना तो वापरला. आज एकट्याला न जमणारे काम जाणत्याच्या मदतीने जमते, हा रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की यांचा विचारही आपण त्याच्या जोडीने वाचतो. परीक्षेपुरते हे सारे मला पाठ होते. त्याचा अर्थ त्या वह्यांनी शिकवला.

पुढच्या तासिकेला मी मुलांसमोर स्वतः एक परिच्छेद फळ्यावर लिहिला, मोठ्याने विचार करत, शब्द खोडत, वाक्ये मागेपुढे करत. शिक्षकालाही खोडावे लागते हे मुलांनी पाहणे फार महत्त्वाचे असते, कारण लेखनाची निम्मी भीती पहिलेच वाक्य बिनचूक हवे या समजुतीतून येते. त्यानंतर सगळ्यांनी मिळून एक परिच्छेद रचला आणि मग प्रत्येकाला चार प्रश्न दिले. त्यांतला एक होता, ‘पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा घरात सर्वांत आधी कोणी काय उचलले?’ तीन ओळींत थांबलेल्या त्या मुलाने या वेळी लिहिले, ‘आजीने पिठाचा डबा माळ्यावर चढवला आणि मग म्हशीचे दावे सोडले.’ त्या एका वाक्यात त्याचे घर उभे राहिले. मूल नेमके कोठे अडते, शब्दांपाशी, क्रमापाशी की सुरुवातीपाशी, हेही अशा टप्प्यांमुळे मला दिसू लागले. केवळ गुण देताना ते कधीच दिसले नव्हते.

माझी चूक यानंतर झाली आणि नव्याने रुजू होणाऱ्यांनी ती टाळावी, म्हणून सविस्तर सांगते. अडलेल्या मुलांसाठी मी ‘त्या दिवशी सकाळी…’ यांसारखे वाक्यारंभ दिले होते आणि ते उपयोगी पडतात असे पाहून सगळ्यांनाच देत राहिले. दिवाळीनंतर सुट्टीवरचे निबंध तपासताना ध्यानात आले की बहुतेक वह्या ‘त्या दिवशी सकाळी’ याच शब्दांनी सुरू होत होत्या, ज्यांना आधाराची गरजच नव्हती त्यांच्यासुद्धा. परांची वेळेवर सोडवली नाही, तर दहावीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाचा प्रश्न समोर येताच ही मुले पुन्हा तिलाच शोधतील, हे मला तेव्हा उमगले. तेव्हापासून कोणता आधार कोणाला दिला आणि कोणाचा कधी काढला, याची तारखेसह नोंद मी ठेवते. वाक्यारंभ आधी जातात, प्रश्न त्यानंतर. जोडीदाराने वाचून शंका विचारणे मात्र मी वर्षअखेरपर्यंत चालू ठेवते. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला वेगळा आधार देणे शक्य होत नाही, पण तीन गट करणे शक्य होते आणि तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

जानेवारीत ‘आमच्या गावचा बाजार’ हा विषय मी कोणताही आधार न देता दिला. त्या मुलाने दीड पान लिहिले होते. वहीच्या समासात पेन्सिलीने त्याने स्वतःसाठीच चार प्रश्न काढले होते आणि त्यांतल्या तीन प्रश्नांवर उत्तर लिहून झाल्याच्या रेघा मारल्या होत्या.