विदर्भाच्या उन्हात कोई माशांचं तळं: खड्डा खणण्याआधीचा हिशोब

कोई हा मुळात थंड प्रदेशातला कार्प. जपानमधल्या निइगाता भागातल्या डोंगराळ खेड्यांनी १९व्या शतकात त्याच्या रंगांची जोपासना केली, आणि तिथे हिवाळ्यात भरपूर बर्फ पडतो. त्याला खरं मानवतं ते १८ ते २५ अंशांचं पाणी. ३० अंशांपर्यंत तो निभावून नेतो, ३२ च्या वर त्याला त्रास सुरू होतो. नागपूर, अकोला, चंद्रपूर इकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत, कधी त्याच्याही पुढे जातो. म्हणून इथे तळ्याची आखणी मे महिना डोळ्यांसमोर ठेवूनच करायची. आकार, दगड, धबधबा, दिवे हे सगळं त्यानंतर.

मासे मरतात ते बहुतेकदा थेट उष्णतेने नव्हे, प्राणवायू कमी पडून. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना सातपेक्षा कमी. त्याच वेळी गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. फिल्टरमधले, माशांची घाण पचवणारे जिवाणू तोच प्राणवायू वापरतात, आणि शेवाळही रात्री देण्याऐवजी घेऊ लागतं. त्यामुळे सगळ्यात धोक्याची वेळ दुपार नसून पहाट आहे. रात्रभर उकाडा असेल तर पहाटे पाच-साडेपाचला तळं बघावं. मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळत असतील किंवा पाणी पडतं त्या जागी गर्दी करत असतील, तर प्राणवायू कमी झाला आहे.

दुसरा धोका अमोनियाचा, जो मासेच पाण्यात सोडतात. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, ८ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी रूपातला भाग २० अंशांना ४ टक्क्यांच्या आसपास असतो, ३० अंशांना साडेसात टक्के. पीएच साडेआठ झाला तर त्याच ३० अंशांना तो २० टक्क्यांवर जातो. जानेवारीत चालून गेलेलं तेच फिल्टर आणि तितकेच मासे मे महिन्यात का जड जातात, ते यावरून कळेल.

विदर्भाच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे, इथली हवा कोरडी असते. ४४ अंशांच्या, १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत बाष्पीभवनाने पाणी तत्त्वतः २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकतं. घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो. मुंबई-कोकणात हवा ३४ अंशांचीच असली तरी दमट असते, त्यामुळे तिथे ही मर्यादा २८ च्या आसपास अडकते. तळं प्रत्यक्षात या आकड्यापर्यंत उतरत नाही, पण सावली आणि मोकळा वारा दोन्ही मिळाले तर ते हवेपेक्षा बरंच गार राहतं. फक्त या गारव्याची किंमत पाण्यात मोजावी लागते.

आकार आणि पाण्याचा हिशोब

१२ फूट लांब, ८ फूट रुंद आणि ५ फूट खोल हे परसातल्या तळ्यासाठी चांगलं माप. पाणी साडेचार फूट ठेवलं तर सुमारे १२,२०० लिटर होतं. यात सहा कोई ठेवावेत, त्याहून जास्त नाहीत. बोटभर लांबीची पिल्लं बघून वीस सोडण्याचा मोह होतो, पण कोई नीट वाढला की दोन फुटांचा होतो.

खोल तळ्यात तळाचं पाणी गार राहतं असं अनेक जण मानतात. तळाचं पाणी फिल्टरमधून सतत फिरत असेल तर वरखाली सगळं पाणी जवळपास एकाच तापमानाचं होतं. खोलीचा खरा फायदा वेगळा आहे. तितक्याच पृष्ठभागाखाली पाणी जास्त असल्याने ते दिवसा हळू तापतं. दोन फुटी उथळ तळं संध्याकाळपर्यंत ३६ अंशांवर जाऊ शकतं, म्हणून चार फुटांपेक्षा कमी पाणी इकडे नकोच.

एवढ्या तळ्याचा पृष्ठभाग सुमारे ९ चौरस मीटर भरतो. कडक उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडतं असं धरलं तर ९० लिटर होतात, आणि पडत्या पाण्यामुळे हा आकडा १५० पर्यंत जातो. बाष्पीभवनात क्षार मागेच राहतात, त्यामुळे नुसतं वरून भरत राहिलं की पाणी महिन्या-दोन महिन्यांत जड होतं. म्हणून आठवड्याला १० टक्के, म्हणजे १,२०० लिटर पाणी काढून नवीन घालावंच लागतं. काढलेलं पाणी झाडांना उत्तम. एकूण गरज आठवड्याला सव्वादोन हजार लिटर झाली. एप्रिलमध्ये बोअर आटत असेल आणि टँकर बोलवावा लागत असेल, तर कोई पाळू नयेत. तळं लहान करून हा प्रश्न सुटत नाही, लहान तळं आणखी तापतं.

जागा आणि खोदकाम

घराच्या पूर्वेची जागा सगळ्यात चांगली, कारण दुपारी दोननंतर घराचीच सावली पडते. पश्चिमेच्या भिंतीला लागून तळं घेऊ नका, ती भिंत रात्रीपर्यंत उष्णता फेकत राहते. झाडाची सावली हवीशी वाटते, पण पानगळ थेट पाण्यात येते. कडुनिंब तर लांबच हवा, त्यातली द्रव्यं माशांना घातक आहेत.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात विटांचं टाकं बांधलं की एक-दोन वर्षांत तडा जातो. मुरूम लागेपर्यंत खणा. नाहीच लागला तर तळाखाली आणि भिंतींच्या बाहेर किमान दीड फूट काळी माती काढून मुरूम भरून ठोकून घ्या, आणि भिंती-तळ आरसीसीचे करा. स्वस्तात हवं असेल तर शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद चालतो, पण त्याच्या घड्या पडतात आणि घड्यांत मैला साचतो. उघडा राहिलेला काठ उन्हाने आधी खराब होतो, तो फरशीखाली दाबून टाका. काठ जमिनीपासून दीड फूट उंच घ्या, म्हणजे अंगणातलं पावसाचं पाणी आत येणार नाही. लहान मुलं असलेल्या घरात काठावर जाळी किंवा कठडा हवाच, साडेचार फूट पाणी मोठ्यांनाही खोल आहे.

तळाला चारही बाजूंनी मधोमध उतार द्या आणि तिथे ४ इंची बॉटम ड्रेन बसवा. हा पाइप तळाचं काँक्रीट पडण्याआधीच टाकावा लागतो, नंतर करता येत नाही. त्यातून गुरुत्वाने ताशी १० ते १२ हजार लिटर पाणी फिल्टरकडे जातं. प्लंबर काटकसर म्हणून २ इंची पाइप सुचवतो. तसं केलं तर पंप जितकं ओढतो तितकं पाणी फिल्टरच्या टाकीत येत नाही, टाकी रिकामी होते आणि पंप कोरडा चालून जळतो. वळणांना ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन वापरा.

फिल्टर, पंप, हवा

फिल्टरच्या टाक्या मिळून तळ्याच्या पाण्याच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या, म्हणजे इथे अडीच हजार लिटरच्या आसपास ठेवा. पहिल्या टाकीत पाणी संथ होऊन मैला खाली बसतो, तिच्या तळाला वॉशआउट, म्हणजे मैला सोडून द्यायचं तोंड हवं. दुसरीत ब्रश किंवा जपानी मॅट, तिसरीत जिवाणू बसण्यासाठी हवेने घुसळत राहणारं प्लास्टिकचं बायो मीडिया आणि शेवटी पंप. सगळ्यांवर झाकणं ठेवा, उघड्या टाकीत मासे नसतात आणि डास होतात.

सगळं पाणी तासाभरात एकदा फिरलं पाहिजे. त्यासाठी ताशी १२ हजार लिटरचा पंप पुरत नाही, कारण खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर उंचीवर किती पाणी देतो तो आकडा तक्त्यात बघून घ्या. १५० वॉटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला १०८ युनिट होतात. पाणी हिरवं होऊ नये म्हणून ४० ते ५५ वॉटचा यूव्ही दिवा पुरतो.

पैसे कमी पडत असतील तर धबधबा सोडा, एअर पंप सोडू नका. मिनिटाला किमान ६० लिटर हवा देणारा पंप आणि चार एअरस्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारे दगड, लावा, त्यातला एक बायो मीडियात. एअर पंप सावलीत ठेवा, तापलेल्या पत्र्याखाली त्याचा डायफ्राम लवकर फाटतो. एअर पंप इन्व्हर्टरवर असलाच पाहिजे. ४० ते ६० वॉटचा पंप १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर दहा-बारा तास चालतो. मे महिन्यात रात्री वीज गेली आणि हवा बंद पडली, तर काही तासांत सगळे मासे मरू शकतात. सगळ्या विजेच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, आणि नीट अर्थिंग लावा.

सावली

७५ टक्क्यांची शेडनेट नऊ फूट उंचीवर, दक्षिण आणि पश्चिमेला तळ्याच्या तीन-चार फूट बाहेरपर्यंत ओढा. बाजू मोकळ्या ठेवा, चारही बाजूंनी बंद केलं की वारा अडतो आणि बाष्पीभवन थांबतं. जीआय पाइप काँक्रीटमध्ये रोवा, वळवाच्या वादळात बांबूचा मांडव टिकत नाही. काठावरची फरशी तापते, ती सावलीतच येईल असं बघा. बगळा आणि खंड्या यांच्यासाठी पाण्यावर वेगळी जाळी लागते.

पाणी भरणं

नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पीएच ११ च्या वर नेऊ शकतो. तळं भरा, आठवडा ठेवा, सोडून द्या, असं तीन वेळा करा. चौथ्यांदा भरल्यावर आठवडाभर पीएच साडेआठच्या आत टिकला तरच पुढे जा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, त्याला हजार लिटरला १० ग्रॅम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, साधारण पुरतं. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो आणि ते उन्हाळ्यातही बऱ्यापैकी गार असतं, पण त्यात प्राणवायू कमी असतो. ते फवाऱ्याने उंचावरून पाडा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी कधीच सोडू नका, ते हात भाजेल इतकं तापलेलं असतं.

फिल्टरमध्ये जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दिवाळीनंतर खोदकाम, जानेवारीत भरणी आणि फेब्रुवारीत पहिले दोन मासे हा क्रम इकडे जमतो. अमोनिया आणि जिवाणू त्यापासून बनवतात तो, तितकाच घातक नायट्राइट, दोन्ही शून्यावर आल्याशिवाय पुढचे मासे नकोत. नायट्राइट दिसलाच तर हजार लिटरला एक किलो साधं खडे मीठ विरघळवून घाला. प्रत्येक नवा मासा आधी तीन-चार आठवडे वेगळ्या, फिल्टर असलेल्या टाकीत ठेवा. एप्रिल-मे मध्ये नवे मासे आणूच नका.

उन्हाळा आणि पावसाळा

खाणं सकाळी आठ-नऊला, पाच मिनिटांत संपेल एवढंच. पचवताना माशाला जास्त प्राणवायू लागतो, त्यामुळे संध्याकाळी खाणं दिलं की त्याचा भार थेट रात्रीवर पडतो. पाणी ३० च्या वर गेलं की निम्मं द्या, ३२ च्या वर बंद. निरोगी मोठा कोई आठवडाभर उपाशी राहिला तरी बिघडत नाही.

पाणी फार तापलं की लोक बर्फाच्या लाद्या टाकतात. १२ हजार लिटर पाणी एक अंशाने उतरवायला सुमारे ११० किलो बर्फ लागतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. हवा वाढवा, खाणं थांबवा आणि बोअरचं पाणी एका वेळी १० टक्के, हळूहळू बदला.

पावसाचं पाणी मऊ असतं. सततच्या पावसाने तळ्याची क्षारता उतरते आणि पीएच अचानक कोसळतो. केएच, म्हणजे या क्षारतेचं माप, लिटरला ८० मिलिग्रॅमच्या खाली आला तर खायचा सोडा घाला. १२ हजार लिटरला २०० ग्रॅम सोड्याने केएच १० ने वाढतो, आणि एका दिवसात यापेक्षा जास्त नको. छताची पन्हळ तळ्याकडे उतरत असेल तर ती वळवा. काठाखाली सहा इंचांवर जाळी लावलेला ओव्हरफ्लो पाइप ठेवा. जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना तळं पूर्ण रिकामं करू नका, खालच्या दाबाने प्लास्टिक कागद फुगून वर येतो आणि काँक्रीटचा तळही उचलला जाऊ शकतो. मोठी सफाई करायचीच असेल तर ती डिसेंबरात करा.