विधवा प्रथेविरुद्ध गावात आवाज उठवायचा तर

नवऱ्याचे प्रेत अंगणात असतानाच त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या जातात, मंगळसूत्र तोडले जाते, कुंकू पुसले जाते आणि जोडवी उतरवली जातात. त्या क्षणी तिनेच विरोध करावा अशी अपेक्षा धरणे निर्दयपणाचे आहे, म्हणून बोलायचे ते इतरांनी आणि बरेच आधी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले. त्यामुळे तुमच्या गावात विषय मांडताना हाताशी आधार आहे.

तरीही सुरुवात थेट ग्रामसभेत करू नये. आधी गावातल्या विधवा बायकांच्या घरी जाऊन बसावे. ‘ही प्रथा चूक वाटते का’ असे विचारल्यास बहुतेक जणी गप्प राहतात. ‘पोरीच्या लग्नात तुम्ही हळद लावायला पुढे का आला नाहीत’ असे विचारले की बोलणे सुरू होते. मग पुरुषांना गाठावे. करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी आपल्या मृत्यूनंतर पत्नीवर ही प्रथा लादू नये, असे स्टँप पेपरवर लिहून दिले होते. असे लिहून देणारे चार नवरे गावात मिळाले, तर सभेतला निम्मा विरोध तिथेच मावळतो.

विषय सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा असा लेखी अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते; ठराव आधी तिथे संमत करून घ्यावा, कारण बायकांनी एकमताने मागितलेली गोष्ट सर्वांसमोर नाकारणे अवघड जाते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात, तेव्हा आदल्या दिवशी घरोघर निरोप द्यावा. ठरावात ‘अनिष्ट प्रथा बंद करावी’ एवढेच मोघम लिहू नये. कोणती कृती करायची नाही ते एकेक करून लिहावे आणि हळदीकुंकू, लग्नकार्य, ओटी भरणे यांत विधवांना मान असेल हेही नमूद करावे. अशा ठरावाने कोणाला शिक्षा होत नाही, हे खरे आहे. पण घरातल्या एखाद्या धाकट्या दिराला वडीलधाऱ्यांपुढे बोलताना ठरावाची नक्कल फार मोठा आधार देते.

सभेत हमखास येणारा आक्षेप म्हणजे ‘तिचीच तशी इच्छा असते’. त्यावर शांतपणे म्हणावे, की इच्छा असेल तर ती आपल्या हाताने, आपल्या सवडीने बांगड्या उतरवेल, त्यासाठी कोणी तिचे मनगट धरायचे कारण नाही. आमच्या भावकीत एका वहिनीचा हात दोघींनी पाटावर दाबून धरला होता. काच रुतून रक्त आले, ते पुसायला मात्र कोणी थांबले नाही. मी तेव्हा उंबऱ्यात उभा होतो आणि बोललो नाही, याची बोच अजून आहे.

म्हणूनच सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे हे करणाऱ्या हातांशी बोलणे. १८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला होता. ज्याच्या हाताशिवाय रूढी चालत नाही त्यानेच हात आखडता घेतला, तर ती तिथेच अडते. गावात बांगड्या फोडण्याचा मान ज्या वडीलधाऱ्या बायकांकडे जातो त्यांना आधीच भेटावे, ‘मावशी, तुम्ही एवढे करू नका’ अशी विनवणी करावी आणि त्यांचा शब्द घ्यावा.

प्रत्यक्ष प्रसंग आला की ठरलेल्या दोघींनी तिच्या दोन्ही बाजूंना बसून राहावे. तिने नंतर स्वतःहून मंगळसूत्र काढले तर कारण विचारू नये. पुढच्या संक्रांतीला वाण द्यायच्या घरांची यादी करताना तिचे नाव आधी लिहावे आणि बोलावणे करायला स्वतः जावे.