जुन्या आर्केड बोर्डाचं सॉकेट: या चुका टाळा

नाशिकचा पावसाळा माळ्यावर काढलेला जुना आर्केड बोर्ड (नाण्यावर चालणाऱ्या गेम मशीनचं सर्किट) चालू केला, की पुष्कळदा स्क्रीनवर नुसती अक्षरांची खिचडी दिसते, नाहीतर बोर्ड सारखा रिसेट होत राहतो. प्रोसेसरला रॉममधला, म्हणजे गेम साठवलेल्या चिपमधला, प्रोग्राम नीट वाचता आला नाही, की वॉचडॉग (अडकलेल्या प्रोसेसरला रिसेट करणारं सर्किट) त्याला पुन्हा पुन्हा सुरुवातीला आणतो. अशा वेळी ‘चिप गेली’ म्हणून मोकळे होऊ नका. १९८० च्या पॅक-मॅनच्या बोर्डावर झेड-८० प्रोसेसर सॉकेटमध्येच, म्हणजे चिप खोचायच्या बैठकीतच, बसवलेला असतो. पहिला संशय सॉकेटवर घ्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चिप काढून परत बसवली, गेम चालू झाला आणि दुरुस्ती झाली असं समजणं. काढता-घालताना पायांवरचा गंज थोडा खरवडला जातो, एवढंच. सॉकेटमध्ये पाय धरणाऱ्या पत्तीची ढिली झालेली पकड तशीच राहते आणि बोर्ड तापला की दोष परत येतो. यातून दोष कुठे आहे ते कळतं, तो जात नाही. चिपवर बोट दाबून चित्र बदललं तरी लगेच निष्कर्ष काढू नका. दाबल्याने बोर्ड वाकतो, त्यामुळे मागचा तडकलेला सोल्डरही तसाच वागतो.

चिप काढताना पॉवर बंद हवी. त्याआधी चिपच्या टोकावरच्या खाचेच्या दिशेचा फोटो काढा, उलटी बसलेली चिप जळू शकते. स्क्रूड्रायव्हर चिप आणि सॉकेटच्या मध्ये घाला आणि दोन्ही टोकांनी आळीपाळीने थोडं थोडं उचला. तो सॉकेटखाली गेला तर बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक तुटतात. बसवल्यावर बाजूने बघा, एखादा पाय आत दुमडलेला वरून दिसत नाही.

काळ्या पायांना सँडपेपर लावू नका, मुलामाच निघून जातो. फायबरग्लास पेन हलक्या हाताने फिरवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डब्ल्यूडी-४० तर नकोच, त्याच्या तेलकट थरावर धूळ बसते.

मल्टिमीटरची पिन सॉकेटच्या भोकात खुपसली तर पत्ती आणखी फाकते. चिप बसलेली ठेवा, एक पिन चिपच्या पायावर आणि दुसरी बोर्डामागच्या त्याच पायाच्या सोल्डरवर ठेवून जोड सलग आहे का बघा. त्यानंतर बोर्ड चालू करून चिपच्या सप्लायच्या पायावर व्होल्टेज मोजा. ४.७५ व्होल्टच्या खाली असेल तर आधी पॉवर सप्लाय आणि एज कनेक्टर (बोर्डाच्या कडेला वायरी जोडणारा कनेक्टर) तपासा.

सॉकेट बदलायचंच ठरलं तर अख्खं ओढून काढू नका, भोकातलं तांब्याचं अस्तर सोबत येतं. वरचं प्लास्टिक सोडवा आणि एकेक पिन तापवून काढा. नवं सॉकेट गोल पिनांचं घ्या. नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या दुकानात विचारताना पिनांची संख्या सांगा: रॉम चिपांपैकी २७१६ आणि २७३२ ला २४, २७६४ ला २८, झेड-८० ला ४०. पण हे गोल पिनांचं सॉकेट जुन्या पत्तीच्या सॉकेटवर चढवू नका, जाड पिनांनी जुन्या पत्त्या कायमच्या फाकतात.

इतकं करूनही खिचडी गेली नाही, तर रॉम काढून रीडरवर (चिपमधला डेटा वाचणाऱ्या यंत्रावर) वाचा आणि चांगल्या प्रतीशी ताडून बघा. फरक आला तर पाय पुन्हा पुसून आणखी एकदा वाचा, मळकट पायांमुळे रीडरही चुकीचं वाचतो.