साहित्यातला माणूस सरकारात गेला, तर त्याच्यावर सात मिनिटं कसं बोलायचं

भाचीच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती, विषय 'साहित्याचा अभ्यासक शासनात जातो तेव्हा', आणि रात्री दहाला फोन, "मामा, काय करू ओ, परवा बोलायचंय." तेव्हा जे सांगितलं तेच इथं लिहितोय. सोलापुरात दरवर्षी कुठं ना कुठं असली स्पर्धा असतेच, कुणाच्या तरी कामी येईल.

आधी माणूस ठरवा, एकच. तिनं पाच जणांची यादी केलेली, चार मी खोडली. राहिले सी. डी. देशमुख, म्हणजे चिंतामणराव, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री. आता खरं सांगायचं तर हे काही साहित्याचे प्राध्यापक नव्हते, केंब्रिजला विज्ञान शिकले, १९१८ ला आयसीएसच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सनदी नोकरीच्या, परीक्षेत पहिले आले. पण १९१२ च्या मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळाली आणि ते संस्कृत शेवटपर्यंत सुटलं नाही, कालिदासाचा मेघदूत मराठी पद्यात आणला, गांधीजींची वचनं संस्कृत श्लोकांत बांधली. नुसते "विद्वान होते" म्हणून पुढं जाऊ नका, हे सगळं सांगा.

सुरुवात जन्मापासून करू नका. "१४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळ नाते गावी" म्हटलं की परीक्षक पाण्याचा ग्लास उचलतात, मी स्वतः पाहिलंय. त्यापेक्षा नोट दाखवा. सहाव्या जॉर्जचं चित्र असलेल्या काही जुन्या नोटांवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून चिंतामणरावांची सही आहे, कुणाच्या आजीच्या डब्यात अशी नोट निघाली तर लई भारी, नाहीतर फोटोची प्रिंट काढा. नोट वर धरायची आणि म्हणायचं, ही सही करणाऱ्या हातानं कालिदास मराठीत आणला. झाली सुरुवात.

आता सगळ्यात अवघड काम, सांधा शोधायचा. बहुतेक पोरं भाषणाचे दोन तुकडे करतात, अर्धं साहित्य, अर्धं पदं, मधे "त्याचबरोबर". दोन तुकडे जिथं एकमेकांना घासतात ती जागा पाहिजे. उलट ओढूनताणूनही जोडू नका, मेघदूत वाचला म्हणून १९५६ ला आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं असलं काही बोललात तर लोक हसतील. माझ्या मते घासणारी जागा म्हणजे राजीनामा. १९५० पासून केंद्रात अर्थमंत्री, इंपीरियल बँकेची स्टेट बँक १९५५ ला यांच्याच काळात झाली, आणि १९५६ ला मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करायचं चाललं म्हणून खुर्ची सोडली. आयुष्य आकड्यांत गेलेला माणूस शेवटी भाषेच्या प्रश्नावर उठला, बघा की. आपल्या सोलापूरकरांना हे वेगळं समजवावं लागत नाही, सीमावादावरच्या महाजन अहवालात अक्कलकोट, दक्षिण सोलापूर कर्नाटकात घालायची शिफारस होती हे घराघरात माहितीय. इथं दीड मिनिट थांबा, घाई नको.

एक श्लोक म्हणा, एकच, पण पाठ पाहिजे. मेघदूतातलं 'आषाढस्य प्रथमदिवसे' म्हटलं की आपल्याकडं लोकांना त्यातल्या विरही यक्षाच्या आधी पंढरीची पालखी आठवते, म्हणून त्यावर एक वाक्य टाकलं तर सभागृह जागं होतं. नंतरचं पटकन उरका: यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, अध्यक्ष, १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू.

चुका कुठं होतात तेही सांगतो. "रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर" म्हणू नका, पहिले ऑस्बोर्न स्मिथ, १९३५ चे, चिंतामणराव १९४३ ला आले आणि ते पहिले भारतीय. परीक्षकांत एखादा बँकेतून रिटायर झालेला हमखास असतो, तो हेच पकडतो. आणि त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र, 'द कोर्स ऑफ माय लाइफ', हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारून बघा, मोबाईलवरच्या दोन परिच्छेदांवर भाषण उभं राहत नाही.

सोलापूरचाच माणूस पाहिजे असेल तर मारुती चितमपल्ली घ्या, वनखात्यात नोकरी, संस्कृतचा अभ्यास, आणि २००६ ला इथंच झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. तिथं सांधा जंगलात सापडेल, फाईलीत शोधू नका.

सात मिनिटांना साधारण साडेसातशे शब्द लागतात. भाचीचे अकराशे झालेले, सगळी पदं कापली, राजीनामा ठेवला. घड्याळ लावून तीनदा मोठ्यानं वाचा, एकदा तरी आईसमोर, ती जिथं भाकरीकडं वळली तो परिच्छेद काढून टाका.