शुगर असलेल्यांनी हृदयासाठी मेथी आणि अर्जुनसाल कशी घ्यायची

शुगर निघाली की सगळं लक्ष त्या एका आकड्यावर जातं, पण खरा घात होतो रक्तवाहिन्यांचा आणि त्यातून हृदयाचा. आपल्या जळगाव-धुळ्याकडे घरात कोणाला शुगर निघाली की अर्धी गल्ली जडीबुटी सांगायला येते, म्हणून म्हटलं नीट लिहावं. आधी एक पक्कं करा भाऊ, डॉक्टरांची गोळी बंद करून यातलं काहीच सुरू करायचं नाही, हे सगळं गोळीच्या जोडीला.

माझा सगळ्यात जास्त भरवसा मेथीदाण्यावर. रात्री एक चमचा दाणे अर्धा कप पाण्यात भिजत टाका, सकाळी दाणे फुगलेले असतात आणि पाणी बुळबुळीत झालेलं असतं, तो बुळबुळीतपणाच कामाचा, तो पाण्यात विरघळणारा फायबर आहे, त्याच्यामुळे जेवणातली साखर रक्तात हळूहळू जाते आणि कोलेस्ट्रॉललाही थोडा आळा बसतो. म्हणून नुसतं पाणी पिऊन दाणे फेकू नका, चावून खा. कडू लागत असतील तर वाटून कळण्याच्या भाकरीच्या पिठात मळा, कोणाला कळतही नाही.

अर्जुनसादड्याचं झाड सातपुड्याच्या पायथ्याला नदी-नाल्याकाठी दिसतं. साल वरून राखाडी गुळगुळीत, आतून लालसर. आयुर्वेदात ती दुधात उकळून देतात, 5 ग्रॅम भरड, 40 मिली दूध, 160 मिली पाणी, मंद आचेवर दुधाएवढं उरेपर्यंत आटवायचं, गाळायचं, साखर-गूळ अजिबात नाही. हृदयाच्या पेशंटवर तिचे अभ्यास झालेत पण लहान लहान, त्यामुळे वैद्यांना विचारूनच घ्या. आणि झाडाची साल स्वतः काढत असाल तर खोडाला गोल फिरवून सोलू नका, झाड वाळून जातं.

जवसाची चटणी रोज चमचाभर खा, फक्त मीठ कमी टाका. पापड आणि शेवभाजीची तर्री रोज चालू असेल तर बीपी वाढणारच, मग काढा पिऊन काय होणार सांगा! शुगरवाल्याचं बीपी साधारण 130/80 च्या खाली पाहिजे.

आता जपायचं काय ते. मेथी किंवा कारल्याचा रस गोळी-इन्सुलिनसोबत घेतला तर शुगर एकदम उतरू शकते, हात थरथरले, दरदरून घाम आला तर आधी ग्लुकोमीटर लावा, कमी असली किंवा मीटरच नसलं तर लगेच साखरपाणी प्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मेथी आणि लसणाचे कॅप्सूल डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. गुळवेल रोज पिणाऱ्या काही लोकांच्या लिव्हरला त्रास झाल्याचं नोंदलं गेलंय, तेही लक्षात ठेवा.

आणि शुगरमध्ये नसा बधिर होतात त्यामुळे हार्ट अटॅकला छातीत दुखेलच असं नाही, नुसता दम लागला, जबडा-हात भरून आला, अचानक घाम फुटला तरी काढा उकळत बसू नका, 108 लावा.